अकरा मार्चची खोडलेली नोंद

३ मार्च, सोमवार

लेकीनं ही वही आणून दिली. म्हणाली, बाबा, दिवसभर भिंतींशी बोलता त्यापेक्षा हिच्याशी बोला. मी म्हटलं, भिंती उलट उत्तरं देत नाहीत, तुझ्यापेक्षा बऱ्या. पण वही ठेवून घेतली. वाचणार नाही म्हणते. बघू.

मला लिहायची सवय नाही असं कुणी म्हणू नये. कापड रंगवायच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला आणि चौतीस वर्षं लॉगबुक लिहिलं. दर तासाला दाब, पाणी, जळण, शेरा. शिफ्ट संपली की खाली दोन सह्या, शिफ्ट देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. खाडाखोड बंद. आकडा चुकला तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, बाजूला खरा आकडा आणि सही. चुकलेलंही वाचता आलं पाहिजे, असा नियम. आता कारखानाच नाही तर खरं सांगायला काय हरकत आहे? आम्ही शिफ्टच्या पहिल्या तासालाच आठही तासांचे आकडे भरून मोकळे व्हायचो. काटा हलायचाच नाही, मग दर तासाला उठून बघायचं कशाला? सगळेच करायचे.

इथे बॉयलर नाही, म्हणून जिना लिहीन. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आज जिन्यात थांबे: एक. नवे बूट जड आहेत.

बातमी म्हणजे, लेकीनं आमचंच जुनं बॉयलरघर भाड्यानं घेतलंय. कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली, बॉयलर भंगारात गेला, पण ती खोली तशीच आहे. लेक सुतारकाम करते, जुनं फर्निचर दुरुस्त करते. आतापर्यंत आमच्या स्वयंपाकघरात करायची. मी जेवायला बसलो की ताटाखाली रंधा. आता स्वतःचं वर्कशॉप. जावई जहाजावर नोकरीला, सहा महिन्यांनी तोंड दाखवतो, म्हणून सगळी धावपळ तिची एकटीची. किल्ली तिनं माझ्याच हातात दिली. म्हणाली, कुलूप तुम्हीच उघडायचं.

६ मार्च, गुरुवार

थांबे: एक.

कुलूप उघडलं. जमीन बघून बरं वाटलं, तेलाचा एक डाग नाही. मी असताना त्या जमिनीवर पडलेलं उचलून खाल्लं असतं कुणी. वर मात्र वाईट अवस्था. छतालगत वाफेचे पाइप आहेत, चार रांगा, सगळ्यांवर लॅगिंग, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून चढवलेलं पांढरं जाड प्लास्टर आणि वर कापड. एका वळणावर कापड सुटून लोंबत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते लॅगिंग माझ्या आणि लंबूच्या हातचं. लंबू माझा जोडीदार, दारातून वाकून यायचा. अर्ध्या कापलेल्या पिंपात पावडर ओतायची, पाणी घालायचं, हातानं मळायची, पाइपवर थापायची, वर कापड गुंडाळायचं. ॲस्बेस्टॉस. आगीच्या बापाला दाद देत नाही. पावडर ओतताना खोलीत पलीकडचा माणूस दिसायचा नाही, लंबूसुद्धा. दरवर्षी तपासणीच्या आधी मी त्याला रंगाचे दोन हात द्यायचो. साहेब म्हणायचे, बॉयलरघर आहे का दवाखाना?

लेक म्हणाली, राहू देत पाइप तसेच, एवढं सुटलेलं चिकटवू आणि वरून निळा रंग देऊ, छान दिसतील. मी हो म्हटलं. पण मनात म्हटलं, बाई, बाराशे वेळा रंग दिलास तरी जुनं ते जुनंच दिसणार. बोळ्यानं दूध पिणारं पोरही ओळखेल. मंगळवारी ती दोन रात्रींसाठी परगावी चाललीय, लाकूड कापायचं मशीन बघायला. ती येईपर्यंत मी ते सगळं उतरवून पाइप लख्ख करून ठेवणार. ज्यानं चढवलं त्यालाच उतरवता येतं.

११ मार्च, मंगळवार

लेक सकाळच्या गाडीनं गेली. जाताना दहा सूचना. ठकीला, म्हणजे माझ्या नातीला, बॉयलरघरात नेऊ नका, खिळे आहेत, पत्रे आहेत. सात वर्षांची आहे, हात सगळीकडे. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, तुला मीच वाढवलंय.

ठकी शाळेत. मी एकटाच बॉयलरघरात. करवतीनं दर हातभर अंतरावर चिरा पाडल्या आणि हातोडीनं ठोकलं. अर्ध्या नळकांड्यासारखे तुकडे निघतात. आजकालची पोरं पाणी मारून चिखल करतील. कोरडं काढलं की कसं सुटसुटीत येतं. नाकाला रुमाल बांधला होता. दोन रांगा झाल्या. मग झाडू मारला, धूळ बसू दिली, पुन्हा मारला.

घरी येऊन अंघोळी केल्या. ठकीच्या फ्रॉकवर शाई सांडली होती, तो भिजवला. तिला लिमलेटच्या गोळ्या दिल्या, दोन जास्तच दिल्या.

माझे कपडे गॅलरीत कठड्यावर झटकले. बायकोची आठवण आली. ती रोज संध्याकाळी माझी वर्दी अशीच कठड्यावर आपटायची. पांढरा ढग उठायचा, ती शिंकायची आणि म्हणायची, कारखाना तिथेच ठेवून येत जा, घरी कशाला आणता. जाऊन नऊ वर्षं झाली. छातीत पाणी झालं. काढलं की आठवड्यात पुन्हा भरायचं. जन्मात बिडीच्या वाऱ्याला उभी राहिली नाही, आणि छातीनंच गेली.

थांबे: एक.

१२ मार्च, बुधवार

काम फत्ते. एकोणीस पोती, मागच्या भिंतीला लावून ठेवली. लोखंड बघून वाटेना की पन्नास वर्षांचं आहे. खोकला सुटलाय, पण एवढ्या धुळीत कुणालाही सुटेल. थांबे: एक.

१४ मार्च, शुक्रवार

लेकीला डोळे मिटायला लावून आत नेलं. डोळे उघडून ती वर बघतच राहिली. पहिल्यांदा म्हणाली, "बाबा, एकट्यानं? या वयात?" मग गळ्यात पडली. तिला ते निळे पाइप हवे होते हे मला तिच्या तोंडावर दिसलं, पण बोलली नाही. आईवर गेलीय. म्हणाली, कोपऱ्यातून अजून पांढरं निघतंय, आणि स्वतः झाडू घेऊन तासभर झाडत बसली.

दुपारी वायरमन आला, दिव्यांची जागा बघायला. दारातच थबकला. पाइप बघितले, पोती बघितली. एका पोत्याच्या तोंडाशी वाकला आणि उलट्या पावली बाहेर गेला. हे कुणी काढलं, म्हणाला. मी छाती काढून म्हटलं, मी. तो लेकीला बाजूला घेऊन काहीतरी बोलला आणि हत्यारांची पिशवी आत न आणताच निघून गेला. उंटावरचा शहाणा. दिवे नीट लावता येत नसतील म्हणून कारणं.

लेकीनं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. मग म्हणाली, उद्यापासून कुणी तिकडे जायचं नाही.

१९ मार्च, बुधवार

सरकारी तपासनीस बाई आली. माझ्या लेकीच्याच वयाची. तोंडावर डबे लावलेला मुखवटा, अंगभर कागदी झगा. मी साध्या शर्टात तिच्या समोर. हसूच आलं. तिनं आत जाऊन तुकडा पिशवीत घेतला, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, दाराला पट्ट्या चिकटवल्या, पाटी लावली. माझ्या बॉयलरघराला.

मग अंगणात उभं राहून तिनं मला प्रश्न विचारले. मी तिला सुनावलं, की बाई, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी हे हातानं मळलंय, आज सदुसष्ट वर्षांचा आहे, ठणठणीत उभा आहे. तिनं वाद घातला नाही, ऐकून घेतलं. वाद घातला असता तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, वरचा रंग कोण द्यायचं? मी म्हटलं, मीच, दरवर्षी, दोन हात. तर म्हणाली, "ते तुम्ही फार चांगलं केलंत. रंगाखाली बंद होतं तोवर त्यानं कुणाचं काही बिघडवलं नसतं. तसंच राहिलं असतं तर चाललं असतं."

लेक शेजारीच उभी होती. माझ्याकडे बघितलं नाही तिनं.

मग बाईनं सावकाश सगळं सांगितलं. हे कोरडं फोडलं की त्याचे तंतू होतात, डोळ्यांना न दिसणारे. झाडूनं ते पुन्हा पुन्हा उडतात, तासन् तास हवेत राहतात. साध्या रुमालातून आरपार जातात. फुप्फुसात शिरले की बाहेर येत नाहीत. लगेच काही होत नाही, वीस, तीस, चाळीस वर्षांनी होतं. काढायचं तर बंदिस्त करून, ओलं करून, आणि माहीतगारांनीच. मी म्हटलं, माहीतगार मीच आहे. ते तिनं लिहून घेतलं नाही.

काढताना कोण कोण होतं, तिनं विचारलं. मी म्हटलं, मी एकटा. नंतर झाडायला लेक. कपडे झटकू नका म्हणाली, त्या दिवशीचे असतील ते बंद पिशवीत घालून द्या. मग म्हणाली, नोकरीत असताना तुमचे कपडे घरी कोण धुवायचं? मी म्हटलं, बायको, आता नाही ती. कसे? मी म्हटलं, आधी झटकून, मग धुऊन, सगळ्यांच्या बायका धुतात तसे. ती लिहीत होती ती थांबली. त्या कशानं गेल्या, असं हळूच विचारलं.

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? आणि घरी निघून आलो. थांबे: एक.

२१ मार्च, शुक्रवार

लंबूकडे गेलो. दोन वर्षं झाली असतील भेटून. त्याला सांगणार होतो, बघ, आपण मळलेल्या पिठाला लोक आता घाबरतात. दोघं मिळून हसलो असतो.

तो पलंगावर बसून होता, नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशीन. दारातून वाकून येणारा माणूस, आता बसल्या जागीही वाकलेला. मी म्हटलं, तंबाखू सोड म्हणून कितीदा सांगितलं होतं. तो म्हणाला, कधी खाल्ली मी तंबाखू? तू खायचास. खरंच होतं.

एक वाक्य बोलायला त्याला तीनदा थांबावं लागतं. हे त्या पिठानंच झालं, हे त्याला दोन वर्षांपासून माहीत आहे. मला का नाही सांगितलंस, म्हटलं, तर म्हणाला, तू हसला असतास. त्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठे काम केलंत, किती वर्षं, कुठली धूळ, काही कागद आहे का? कारखान्याचे कागद रद्दीत गेले. लॉगबुकंही गेली. ती सापडली असती तरी त्यांत काय होतं? दाब, पाणी, जळण. धुळीचा रकानाच नव्हता. "कागद नाही तर आपण तिथे नव्हतोच," म्हणाला.

उठताना त्यानं माझा हात धरला आणि माझी बोटं बघितली. मग त्याची बोटं शेजारी ठेवली. दोघांच्याही बोटांची टोकं सारखीच फुगलेली, नखं सारखीच गोल वळलेली. मी म्हटलं, हातोडीचे हात आहेत, असे होणारच. तो म्हणाला, डॉक्टरांनी आधी हीच बघितली होती.

२७ मार्च, गुरुवार

तुकड्याचा अहवाल आला. ॲस्बेस्टॉसच. जसं काही मला माहीत नव्हतं.

लेक मला धरूनच छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पाठीला नळी लावली, खाली, मग अजून खाली, आणि बराच वेळ ऐकत राहिले. करकर येते म्हणाले. छातीचा फोटो काढला. फुप्फुसांच्या आवरणावर जाड चट्टे आहेत, आणि खालचा भाग कडक झालाय. मी म्हटलं, परवाच्या धुळीनं? ते म्हणाले, आजोबा, परवाच्या धुळीचं काही दिसायला तुम्हाला शंभरी गाठावी लागेल, हे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. जे कडक झालं ते पुन्हा मऊ होत नाही. तंबाखू बंद, लस घ्या, दर सहा महिन्यांनी या. चढताना दम लागतो का? मी म्हटलं, एकदा थांबतो. लेक म्हणाली, तीनदा थांबतात डॉक्टर, मी वरून ऐकते.

ही ऐकते हे मला माहीत नव्हतं.

मग तिनं स्वतःचं विचारलं. मी तासभर झाडलं, मला होईल का? ते म्हणाले, एका तासानं होईलच असं नाही, शक्यता फार थोडी, पण अजिबात नाही असं मी लिहून देणार नाही. लहान मुलांची काळजी जास्त. त्यांच्यापुढे साठ-सत्तर वर्षं असतात आणि या रोगाला वेळच हवा असतो. आज फोटो काढून काही दिसणार नाही. पण कधी, किती वेळ, किती धुळीत, हे लिहिलेलं हवं. पुढे तिशी-चाळिशीत साधा खोकला झाला तरी डॉक्टरला कळलं पाहिजे काय शोधायचं ते.

लेकीनं वळून मला विचारलं, "ठकी नव्हती ना बाबा तिथे?"

"नव्हती."

घरी येताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती.

२ एप्रिल, बुधवार

तपासनीस बाईनं विचारलं ते आता लिहितो. त्या दिवशी लिहिलं नव्हतं.

बायको रोज माझी वर्दी झटकायची. आठवड्याचे सहा दिवस, अठ्ठावीस वर्षं. मी आत चहा पीत बसलेलो असायचो आणि गॅलरीतून फट फट आवाज यायचा. धूर, तंबाखू, बिडी, कशाचाच स्पर्श नाही तिला. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारायचे, घरात कुणी धुळीच्या कामाला होतं का? मी म्हणायचो, छे, मी बॉयलरवर होतो, आमच्याकडे जमीन आरशासारखी असायची. मला त्याचा अभिमान होता. हे मी दवाखान्यात, तिच्या पलंगाशी उभा राहून सांगितलंय. ती ऐकत होती.

लोक म्हणतात, तुम्हाला कुठे माहीत होतं. खरं आहे, नव्हतं. पण मी रोज डबा घेऊन जायचो आणि रोज तिचं मरण अंगावर घालून घरी यायचो, हेही खरं आहे. मला तिची माफी मागायची आहे आणि मागायला ती नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही.

लेक विचारते काय झालं. मी म्हणतो, औषध कडू आहे.

५ एप्रिल, शनिवार

लेक वर्कशॉपच्या कामाला गेली होती, माणसं येऊन मुखवटे लावून पोती न्यायची होती. घरी मी आणि ठकी. ती जमिनीवर चित्र काढत होती. मी खुर्चीत. मी खोकलो तसं ती उठली, माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आजोबा, मी अजून कुणालाच सांगितलं नाही."

मी विचारलं, काय?

"ते बर्फाचं. आईनं दोनदा विचारलं. मी म्हटलं मी शाळेत होते. मी शब्द दिलाय ना."

आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली. ही पोरगी माझ्यावर गेलीय. दिलेला शब्द मरेपर्यंत सोडणार नाही. उद्या ती पस्तिशीची होईल, खोकेल, डॉक्टर विचारतील, लहानपणी कधी धुळीत होतात का? ती म्हणेल, नाही. तिला आठवणारही नाही की हे ती कुणासाठी म्हणते.

६ एप्रिल, रविवार

सकाळी पट्टी घेऊन बसलो. अकरा मार्चच्या नोंदीतल्या "ठकी शाळेत. मी एकटाच बॉयलरघरात" यावर एक सरळ रेघ मारली आहे. वाचता येतं. "ठकीच्या फ्रॉकवर शाई सांडली होती" यावरही. बाजूला माझी सही आहे. खरं खाली लिहितो.

११ मार्चला शाळा अर्धा दिवस होती. शिक्षकांची सभा. मी ते लेकीला सांगितलं नव्हतं, तिचं जाणं रद्द झालं असतं. साडेबाराला ठकीला शाळेतून घेतलं आणि काम अर्धवट होतं म्हणून सरळ बॉयलरघरात नेलं. आत शिरलो बारा चाळीसला. परतलो तीन दहाला. मधे बाहेर नेलं नाही. दार लोटलेलं होतं, वारा येऊन धूळ उडू नये म्हणून. खिडक्या बंद.

ती दाराच्या डाव्या हाताला, पोत्यांजवळ होती. माझ्यापासून चार पावलांवर. रुमाल मला होता, तिला नव्हता. तिनं विचारलं, बर्फ आहे का? मी म्हटलं, हो. तिनं ओंजळ भरून वर उडवलं. एकदा नाही, पुष्कळदा. मी हसत होतो. तिनं त्याचे लाडू वळले आणि मला खायला दिले, मी खाल्ल्याचं नाटक केलं. तिनंही केलं. पोत्यावरून पोत्यावर उड्या मारल्या. मी झाडलं तेव्हा ती पुढे पुढे नाचत होती. केस पांढरे झाले होते तिचे. मी म्हटलं, म्हातारी दिसतेस.

घरी येऊन तिला अंघोळ घातली. फ्रॉकवर शाई नव्हती. फ्रॉक गॅलरीत झटकला, मग भिजवला. कुणाला सांगायचं नाही असं तिच्याकडून वदवून घेतलं आणि दोन गोळ्या जास्त दिल्या.

बारा तारखेला ती दिवसभर शाळेतच होती. हे खरं आहे.

जिन्यातले थांबे मी सुरुवातीपासून एक लिहिले. पहिल्या दिवशीच महिन्याभराचे मनात भरून ठेवले होते, जुनी सवय. दोन असायचे, मग तीन. ते सगळे चूक धरावेत.

लिहून झाल्यावर वही लेकीपुढे ठेवली आणि म्हटलं, वाच. ती म्हणाली, मी वाचणार नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, आता वाच.

तिनं उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण पान मागे उलटलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं, तेवढीच शिक्षा. ती एवढंच म्हणाली, "फ्रॉक कुठाय?"

कपाटात, म्हटलं. तिच्या बाकीच्या कपड्यांत, घडी करून.

तिनं ओलं फडकं घेतलं, कपाट उघडलं, सगळेच कपडे काढून पिशवीत घातले. पिशवी इतकी भरली की गाठ बसेना. मी पुढे झालो तर म्हणाली, तुम्ही हात लावू नका. मग वही घेऊन खोलीत गेली.

९ एप्रिल, बुधवार

वही आज परत मिळाली, जेवणाच्या टेबलावर माझ्या जागेसमोर ठेवलेली. लेक माझ्याशी तीन दिवस बोललेली नाही. ताट वाढते, औषध देते, बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

मधल्या काळात तिनं डॉक्टरांना सगळं कळवलं, तपासनीस बाईला कळवलं. बाई घरी येऊन गेली, गॅलरी पुसायची कशी ते दाखवून गेली. त्या सहा तारखेच्या पानाची तिनं एक प्रत करून घेतली, डॉक्टरांनी एक मागून घेतली. असं सहसा कुणी लिहून ठेवत नाही, म्हणाले म्हणे. शाबासकी देत होते की काय कोण जाणे. मला एकही कागद नसलेले लंबूचे रिकामे हात आठवले.

अकरा मार्चचं पान उघडून बघितलं. माझ्या सहीच्या खाली लेकीची सही आहे, तारीख घालून. दुसरं एक अक्षर नाही. शिफ्ट घेणाऱ्याची जागा मी सोडली नव्हती, तिनं स्वतःच करून घेतली. लहानपणी डबा द्यायला यायची तेव्हा लॉगबुकातल्या त्या दोन सह्या मीच तिला दाखवल्या होत्या.

संध्याकाळी ठकीला समोर बसवलं. म्हटलं, मला दिलेला शब्द मी परत घेतला. आता सांगायचं. आईला सांग, डॉक्टरांना सांग, मोठी झालीस की कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी आधी हेच सांग. ती हिरमुसली. एवढं जपून ठेवलेलं फुकट गेलं. मग म्हणाली, मी विसरले तर? तुम्हीच सांगा ना त्यांना.

मी म्हटलं, तेव्हा मी नसेन, म्हणून तर लिहून ठेवलंय. वही आई सांभाळेल, मग तू सांभाळ.

तिनं वही घेतली, अकरा मार्चचं पान काढलं, बोट ठेवून रेघेखालचं वाचायला लागली. "ठ-की शा-ळेत." हे खोडलंय कशाला, म्हणाली. मी सांगितलं, ते चुकलं होतं. पुढचं, सहा एप्रिलचं वाच. ती ते वाचायला लागली आणि मी ऐकत बसलो. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे लेकही ऐकत होती.

आज जिन्यात थांबे: चार. मोजून लिहिले.